दुसरं वाक्य

लवू गावकराने आयुष्यात एकाच माणसाला पाण्यात टाकलं, आणि पुढे तिच्याशीच लग्न केलं. हे विजयदुर्गच्या बंदरावर घडलं, एकावन्न सालच्या एप्रिलात, भर दुपारी, निदान चाळीस माणसांच्या डोळ्यांदेखत. तरी लवू ते कबूल करायला तयार नव्हता. पुढे तो शरीरश्री झाला, सिनेमात गेला, नाटकात गाजला, त्याच्या नावाचं पुस्तकसुद्धा निघालं, पण 'हो, टाकलं' एवढं म्हणायला त्याची जीभ काही वळेना. पुरुषाची जात, दुसरं काय!

तेव्हा बोट विजयदुर्गला आली की लांब खोल पाण्यात उभी राही. उतारूंनी पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरायचं, आणि ओहोटी असली तर पडावही काठाला लागत नसे. मग गडीमाणसं उतारूंना खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून वाळूवर आणून सोडत. बायकांसाठी एक लाकडी खुर्ची होती. ती दोन गडी मिळून उचलत. लवू एकटा उचली आणि वर शीळ घाली.

त्या दिवशी त्या खुर्चीत गिर्येच्या सत्यवान मास्तरांची थोरली मथुरा बसली होती. रत्नागिरीला सातवीची फायनल देऊन ती वडिलांबरोबर परत येत होती. अंगावर नवं जांभळं लुगडं, मांडीवर वहीचं बासन, आणि खाली हे एवढं पाणी. भीती मोडावी म्हणून तिने खाली वाकून त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, "माझां नाव लवू." आणि तो उभाच राहिला. खुर्ची खांद्यावर, तोंड अर्धं उघडं, पुढचं काहीतरी ओठांवर आलेलं. मथुरा गप्प. परक्या गड्याशी आणखी काय बोलायचं? तोही गप्प. एवढ्यात लाट आली.

मथुरा खुर्चीसकट पाण्यात गेली. लवूने तिला एका हाताने वर काढलं, पुन्हा खुर्चीत बसवलं आणि वाळूवर नेऊन ठेवलं. मग तसाच मागे फिरला, तीन बुड्या मारल्या आणि वहीचं बासन शोधून आणलं. अक्षरं सगळी पुसून गेली होती, पण त्याने ते बासन दोन्ही हातांनी असं पुढे केलं की मास्तरांचा राग तिथेच विरला. त्यांनी मुलगा कुणाचा, काय करतो, याची चौकशी केली. मार्गशीर्षात लग्न झालं.

लवूचं काय बिनसलंय हे मथुरेला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. हा माणूस एक वाक्य बोले आणि थांबे. समोरच्याने 'व्हय' म्हटलं की दुसरं वाक्य येई, आणि मग असं सुरेख, घणघणीत येई की ऐकत राहावं. समोरचा गप्प बसला की हाही गप्प. तोतरा नव्हता, लाजाळू नव्हता, पण त्या एका 'व्हय'शिवाय त्याची गाडी पुढे जात नसे.

कारण घरातच होतं. तिचे सासरे दत्ताराम गावकर हे बंदराजवळच्या त्यांच्या वाडीच्या देवळातले मानकरी. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. दत्ताराम देवापुढे उभे राहून एक एक मागणं मोठ्याने म्हणत, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणे. लवू दोन वर्षांचा असल्यापासून बापाच्या पायाशी बसून हेच ऐकत आला. इतर पोरं आईच्या मांडीवर बोलायला शिकली, हा देवळात शिकला. माणसाने बोलायचं म्हणजे एक वाक्य बोलून थांबायचं आणि गावाने होकार भरल्यावर पुढे जायचं, अशीच त्याची समजूत झाली. वाडीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण वाडीत कुणीही काही सांगायला लागलं की समोरचा 'व्हय, व्हय' करतोच. ती आपली रीतच आहे.

मुंबईत मात्र ती रीत नव्हती. बावन्न साली दोघं मुंबईला आली, लवू गोदीत लागला, आणि तिथल्या मुकादमाला याची अर्धीच वाक्यं ऐकायला मिळू लागली. मुंबईची माणसं होकार भरत नाहीत, घड्याळ बघतात. लवू बोलायचंच सोडून तालमीत जायला लागला. तिथे कुणी बोलत नव्हतं. जोर, बैठका, वजनं. पडाव ओढलेलं अंग आधीच कमावलेलं होतं, त्याला आता आकार आला. मथुरा सकाळी पेज, कुळथाची पिठी आणि परवडली तर अंडी घाली. संध्याकाळी तो घरी आला की ती रांधता रांधता 'व्हय' म्हणत राही आणि तो दिवसभराचं साठलेलं तिच्यापुढे ओते. शेजारच्या सुशीलाबाईंना वाटे, काय बोलका नवरा मिळालाय हिला!

छपन्न साली लवूने 'शरीरश्री' किताब जिंकला. ही स्पर्धा जणू त्याच्यासाठीच काढली होती. अंगाला तेल लावायचं, उजेडात उभं राहायचं, दंड फुगवायचे, पाठ दाखवायची, आणि तोंड बंद. तो पाठमोरा होऊन हात वर करी तेव्हा मागच्या रांगांतली माणसं बाकांवर उभी राहात. ढाल हातात दिल्यावर मात्र पाहुण्यांनी घात केला. दोन शब्द बोला म्हणाले. लवू म्हणाला, "मी विजयदुर्गाकडचा लवू दत्ताराम गावकर." आणि थांबला. सभागृह वाट बघत राहिलं. लवूही वाट बघत राहिला. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की विजेता अत्यंत विनयशील आहे. मथुरेने ते कात्रण जपून ठेवलं आणि अधूनमधून काढून ती एकटीच हसत बसे.

लागोपाठ तीन वर्षं ढाल घरी आली. मग सिनेमावाले आले. पौराणिक चित्रपटांचे दिवस होते, राक्षस आणि द्वारपाल लागतच. लवूने नऊ चित्रपटांत काम केलं. कुठे भाला धरून उभा, कुठे रथ उचलतोय, कुठे नायकाचा मार खाऊन तीनदा कोलांटी घेतोय. चौथ्या चित्रपटात त्याला बोलायला दिलं. "महाराज, पांडव आले आहेत. त्यांच्यासोबत श्रीकृष्णही आहेत." एवढंच. पांडव सतरा वेळा आले, श्रीकृष्ण एकदाही आला नाही. शेवटी दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि ते काम दुसऱ्याला दिलं. त्या दिवशी लवू घरी येऊन जेवला नाही. मथुरेने पुष्कळ 'व्हय' म्हणून बघितलं, पण त्या दिवशी पहिलं वाक्यच येईना.

एकसष्ट साल उजाडलं. लवू तेहतिशीत गेला. ढाल आता पंचविशीतली पोरं नेऊ लागली, रंगीत पौराणिकांत वेगळे चेहरे आले, आणि गोदीची पाळी तेवढी राहिली. एका रविवारी डाळ निवडणाऱ्या मथुरेसमोर बसून तो म्हणाला, "माका एकदा तरी लोकांसमोर पुरां बोलूचां आसा." ती 'व्हय' म्हणाली. मग तो म्हणाला, तुझ्या व्हयाशिवाय. मथुरेने निवडून झालेली डाळ पुन्हा निवडायला घेतली.

आणि त्याच महिन्यात भाई सबनीस त्यांच्या खोलीत आले. भाई मूळचे सावंतवाडीचे, पण दहाव्या वर्षापासून मुंबईत, आणि आता एका नाटक कंपनीचे मालक, लेखक, दिग्दर्शक, सगळं काही. त्यांनी भीमावर नवं नाटक लिहिलं होतं. विराटाच्या मुदपाकखान्यात आचारी होऊन लपलेला भीम. त्यांना भीम हवा होता, आणि लवूचं अंग त्यांनी पडद्यावर पाहिलं होतं. बोलता येतं का, एवढंच बघायचं होतं. त्यांनी कागद पुढे केला. मथुरेने चहाचं आधण ठेवलं. लवूने पहिलं वाक्य वाचलं आणि चुलीपाशी बसलेल्या मथुरेच्या तोंडून सवयीने 'व्हय' गेलं. दुसरं वाचलं, पुन्हा 'व्हय'. अख्खं पान झालं. देवळाच्या पटांगणाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला ऐकू जावा असा तो बापाकडून आलेला आवाज त्या दहा बाय दहाच्या खोलीत घुमला. भाई चहा प्यायचे विसरले.

नाटकाच्या तालमीला मथुरा नव्हती. तालमीला लवूने एकेक वाक्य म्हटलं आणि तो खांबासारखा उभा राहिला. भाईंना कळेना, त्या दिवशी खोलीत बोलला तो कोण? लवूनेही सांगितलं नाही. शरीरश्रीला बायकोने व्हय म्हटल्याशिवाय बोलता येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मथुरा सांगते म्हणाली तर त्याने तिला देवाची शपथ घातली. भाईंचा नाइलाज झाला, कारण जाहिरातीत लवूचा फोटो छापून गेला होता. त्यांनी तोड काढली. कंपनीचा दौरा कोकणात निघत होता, आणि पहिला खेळ लवूच्याच वाडीत देवळासमोर होता. भीमाचं मोठं भाषण लवूने तिथे म्हटलं तर मुंबईचा भीम तोच. नाही म्हटलं, तर त्याने नुसतं ओठ हलवायचे आणि पडद्यामागून बाबलीने बोलायचं. बाबली म्हणजे कंपनीतला एक चिंचोळा नट. अंगात बळ नव्हतं, पण आवाज नगाऱ्यासारखा होता. तसं झालं असतं तर लवू जन्मभर दुसऱ्याच्या आवाजावर तोंड हलवत राहिला असता, आणि हे त्याला आणि मथुरेला पुरतं ठाऊक होतं.

खेळ रात्री व्हायचा होता, पण गॅसबत्त्यांची पेटी तळेऱ्याला एस.टी.च्या टपावरून उतरवायची राहिली आणि थेट मालवणला गेली. त्यामुळे नाटक दुपारी चारला लागलं. देवळासमोर पटांगणात अख्खी वाडी, शेजारच्या तीन वाड्या, गिर्येहून सत्यवान मास्तर. पुढच्या रांगेत घोंगडीवर दत्ताराम, काठी मांडीवर आडवी. बायकांच्या घोळक्यात मथुरा आणि शेजारी तिची सासू काशीबाई. लवूने सकाळीच मथुरेला पुन्हा शपथ घालून बजावलं होतं की आज काय वाटेल ते होवो, तू तोंड उघडू नकोस. तिने मान डोलावली होती.

पहिला अंक झकास गेला. लवूने हंडे उचलले, चूल उचलली, एका हाताने विराटाच्या साल्याचा पलंग उचलला. लोक खूश. आणि मग ते भाषण आलं. भीम मुदपाकखान्यात एकटा, हातात पळी, आणि तो द्वारकेच्या कृष्णाला हाक मारतो असा प्रसंग होता. लवू पुढे आला. "हे द्वारकाधीशा, हे माधवा, आज हा भीम तुझ्यापुढे पदर पसरून उभा आहे." आवाज खाडीपलीकडे गेला. आणि तो थांबला.

माडावरचा कावळा तेवढा ओरडला. लवूच्या कपाळावरून रंगाचा ओघळ खाली उतरू लागला. मथुरेने पदराचं टोक दातांत धरलं. आता बोल, आता बोल, असं ती मनात म्हणत होती, आणि तो समोर तोंड अर्धं उघडं टाकून उभा होता, थेट त्या ओहोटीच्या पाण्यात उभा होता तसा. पडद्याच्या फटीतून भाईंचा हात दिसला. हात हलला. बाबलीने मागे घसा खाकरला, तो अख्ख्या पटांगणाला ऐकू आला.

मथुरा उठून उभी राहिली. "व्हय म्हाराजा!"

काशीबाईंनी तिचं लुगडं धरून खाली ओढलं. गाऱ्हाण्याला होकार भरायचा तो पुरुषांनी, बायकांनी कधी भरला नव्हता. इथे तर गाऱ्हाणंही नव्हतं, नाटक होतं. पुढच्या रांगेतून दत्तारामांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. आपण सगळं घालवलं असं मथुरेला वाटलं. शपथ मोडली, सासऱ्यांसमोर आब घालवला, नवऱ्याचं हसं केलं.

आणि मंचावरून आवाज आला. "बारा वर्षं आम्ही रानोमाळ भटकलो, राजाचे पुत्र असून परक्याच्या चुली फुंकल्या!"

दत्ताराम पुन्हा पुढे वळले. चाळीस वर्षं देवापुढे बोललेला माणूस तो. एवढ्या खणखणीत वाक्याला होकार मिळाला नाही, हे त्यांच्याने सहन होईना. त्यांनी काठी उचलली, जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मानकऱ्यांनी म्हटल्यावर गाव कशाला मागे राहतोय? तिसऱ्या वाक्याला सगळं पटांगण एका सुरात म्हणालं. चौथ्याला बायकासुद्धा म्हणाल्या, आणि काशीबाईंचा आवाज त्यात सगळ्यांत वरचा होता.

मग काय विचारता! लवू सुटला. भाईंनी लिहिलेलं भाषण संपलं तरी तो थांबेना. भीमाने कृष्णाकडे कीचकाचा निकाल मागितला, मग वाडीच्या विहिरीला पाणी मागितलं, मग काजूला मोहोर, तळेऱ्याची एस.टी. वेळेवर, आणि हरवलेल्या गॅसबत्त्या सुखरूप परत. प्रत्येकाला 'व्हय म्हाराजा'. कीचक झालेला नट आत येण्यासाठी तीनदा पुढे आला, आणि शेवटी कंटाळून पायरीवर बसला आणि तोही म्हणू लागला. पडद्याआड भाई सबनीस आधी डोकं धरून बसले होते. मग त्यांना आपली सावंतवाडीची दहा वर्षं आठवली असावीत, कारण बाबली पुढे शपथेवर सांगत असे की भाई तिथे खोक्यावर बसून डोळे पुसत हसत होते.

खेळ संपल्यावर लवू देवळाच्या पायरीवर बसला. रंग निम्मा गालांवर, निम्मा छातीवर. मथुरा खाली मान घालून जवळ गेली आणि शपथ मोडली म्हणून सांगू लागली. त्याने तिला पुरतं बोलूच दिलं नाही. तो रडत होता आणि हसतही होता, आणि दहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सगळ्यांदेखत त्याने बायकोचा हात धरला. काशीबाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

भाई आले. त्यांना आता सगळं कळलं होतं. एकच अडचण होती, ती त्यांनी सांगितली. मुंबईच्या थिएटरात बाराशे माणसं बसतात, त्यांतलं व्हय कोण म्हणणार? लवूने मथुरेकडे बघितलं. "मी म्हणान," मथुरा म्हणाली.

तेव्हापासून कंपनीत दोन प्रॉम्प्टर झाले. एक नटांना विसरलेली वाक्यं सांगे. दुसरी विंगेत स्टुलावर बसे, हातात वही नाही, काही नाही, आणि तिला एकच शब्द पाठ असे. तो ती इतक्या हलक्या आवाजात म्हणे की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. त्या नाटकाचे एकशे त्रेपन्न प्रयोग झाले. भीमाच्या वाक्यांमधला तो थांबा, काय तो थांबा, असं लोक म्हणत. एका जाणकाराने त्यावर पेपरात अर्धा रकाना लिहिला. एकदा मथुरेला सर्दी झाली होती आणि ती नको तिथे शिंकली, तर भीम पुढच्या अंकातलं भाषण आधीच बोलून मोकळा झाला. पण असं एकदाच. पुढे आणखी तीन नाटकं आली, आणि लवू गावकराचं नाव जाहिरातीत सगळ्यांच्या वर छापलं जाऊ लागलं.

सहासष्ट साली एका प्रकाशकाने त्याच्याकडे आत्मचरित्र मागितलं. पडावावरचा गडी ते शरीरश्री ते नट, लोक वाचतील म्हणाला. लवू कागद घेऊन बसला. पहिलं वाक्य लिहिलं. दुसऱ्यासाठी दोन दिवस कागदाकडे बघत राहिला. कागद काही व्हय म्हणेना. शेवटी मथुरेने लेखणी हातात घेतली. तो सांगायचा, ती व्हय म्हणायची आणि लिहायची. रत्नागिरीला जाऊन दिलेली फायनल पंधरा वर्षांनी अशी कामाला आली.

यात एक गोष्ट मात्र लवूच्या ध्यानात आली नव्हती. व्हय म्हणणारा माणूस गप्पही बसू शकतो. गोदीत मी एका वेळी पाच पोती उचलायचो, असं तो म्हणाला. मथुरा गप्प. चार, तो म्हणाला. गप्प. तीन. "व्हय," आणि लेखणी चालू. असं करत करत त्या पुस्तकातून एक वाघ, दोन मगरी आणि आफ्रिकेचा एक पहिलवान गळाला. जे राहिलं ते वाचण्यासारखं होतं.

फक्त एका वाक्यावर पुस्तक तेरा दिवस अडलं. बंदरावरचं प्रकरण होतं, आणि लवू म्हणाला, "मी एकाही उतारूला कधी पाण्यात टाकलं नाही." मथुरा गप्प. तो पुन्हा म्हणाला. ती उठून भाकऱ्या करायला गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लाट आली त्याला मी काय करू, असं त्याचं म्हणणं. मग तसं सांगा, असं तिचं. पण एवढा नावाजलेला माणूस आणि खुर्चीसकट मुलगी पाण्यात, हे त्याला छापील बघवेना. तेराव्या दिवशी प्रकाशकाचा निरोप आला की मजकूर उद्या पाहिजे. लवू बिचारा ओशाळा होऊन बसला होता. मथुरेला त्याची दया आली. ती व्हय म्हणाली आणि तिने ते वाक्य लिहिलं. त्या ओळीवर निब जरा जोरात टेकला, एवढंच.

पुस्तक सदुसष्टच्या माघात निघालं, आणि प्रकाशन वाडीतच करायचं ठरलं, त्याच देवळासमोर. सकाळची कोवळी वेळ. दत्ताराम आता ऐंशीचे, त्यांना खुर्ची दिलेली. भाई सबनीस मुंबईहून आले होते, त्यांच्याबरोबर बाबलीही. सत्यवान मास्तरांनी कोरं पुस्तक रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. लवू बोलला, चांगला अर्धा तास, आणि गावाने एकाही वाक्याला होकार चुकवला नाही. मग तो म्हणाला, "ह्यां पुस्तक माझां न्हय. अक्षर न् अक्षर हिनां लिवल्यान. आता ही बोलतली." आणि बाजूला सरून तिच्या मागे उभा राहिला.

मथुरेला कुणी हे आधी सांगितलं नव्हतं. ती उठली. समोर सासरचा गाव, माहेरची माणसं, मुंबईचे पाहुणे, सगळ्यांचे डोळे तिच्यावर. पंधरा वर्षं तिने दुसऱ्याच्या वाक्यांना व्हय म्हटलं होतं, स्वतःचं वाक्य चार माणसांत कधी बोलली नव्हती. पदर डोक्यावर नीट घेऊन ती म्हणाली, "मी मथुरा लवू गावकर, ह्या पुस्तकातली अक्षरां माझी आसत."

आणि थांबली. पुढे काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं, ओठांपर्यंत आलंही होतं, पण बाहेर पडेना. लवू त्या पाण्यात कसा उभा राहिला असेल ते तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

तिच्या पाठीमागून आवाज आला, बाराशे माणसांना ऐकू जाणारा, पण अगदी हळू म्हटलेला. "व्हय म्हाराजा."

मथुरेने मागे वळून बघितलं नाही. "पान एकोणीस काढा," ती म्हणाली, "थंय लिवलेलां आसा की ह्येंनी एकाव उतारूक पाण्यात टाकूक नाय, ता खोटां आसा, ह्येंनी माका खुर्चीसकट टाकल्यानी."

कुणी हसलं नाही. गाव मथुरेकडे बघत नव्हता, तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होता, कारण आता होकार भरायची पाळी त्याची होती. दत्तारामांनी काठी दोन्ही हातांत धरून मुलावर नजर रोखली. सत्यवान मास्तरांनी चष्मा पुसला. लवू गावकर तीनदा शरीरश्री झाला होता, त्याने रथ उचलले होते, पलंग उचलले होते, पण या एका शब्दाला त्याला जेवढं बळ लागलं तेवढं कशालाच लागलं नसेल. त्याने मोठा श्वास घेतला, छाती वर आली.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला, आणि मग जो हशा उठला तो थेट विजयदुर्गच्या बंदरापर्यंत गेला असावा. हसणं ओसरेपर्यंत मथुरा थांबली. तिने पदर सारखा केला आणि तिसरं वाक्य बोलायला सुरुवात केली.